दिंडीची पिछाडी : जुनोनीचा अपघात आणि कार्तिकातला रस्ता

३१ ऑक्टोबर २०२२, सोमवार. कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यातील जठारवाडीची पायी दिंडी कार्तिकीसाठी पंढरपूरकडे निघाली होती. दिंडी लहान, तीसेक वारकऱ्यांची. एकादशी ४ नोव्हेंबरला होती आणि पंढरपूर दोन-तीन मजलांवर आलं होतं. संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास सांगोला तालुक्यात, सांगोला–मिरज मार्गावर जुनोनी गावाजवळ, मागून भरधाव आलेली एक मोटार दिंडीत घुसली. सात वारकऱ्यांचा जीव गेला, आणखी काही जखमी झाले. राज्य सरकारने मृतांच्या वारसांना प्रत्येकी ५ लाख रुपयांची मदत जाहीर केली.

अशा बातमीत ‘चालकाचा ताबा सुटला’ हे वाक्य ठरलेलं असतं. ते खरंही असेल. पण त्या वाक्यापाशी चौकशी थांबते आणि पुढच्या कार्तिकात दुसऱ्या तालुक्यात दुसरी दिंडी तशीच चालत राहते. चालकाचं काय करायचं ते न्यायालय ठरवेल. या लेखात मला एवढंच पाहायचं आहे की त्या संध्याकाळी त्या रस्त्यावर एका दिंडीला वाचवू शकतील अशा कोणकोणत्या गोष्टी असायला हव्या होत्या, आणि आपल्याकडे त्या का नसतात. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दिंडीचं सगळं लक्ष पुढे असतं आणि रस्त्यावरचा धोका मागून येतो. पिछाडी राखायची सोय आपण केलेली नाही, आणि कार्तिकी वारीत तर मुळीच नाही.

आधी वेळेचं पाहू, कारण अर्धं उत्तर तिथेच आहे.

आषाढी एकादशीच्या सुमारास पंढरपूर भागात सूर्य सातनंतर मावळतो. साडेसातपर्यंत रस्ता दिसतो, माणूस दिसतो. कार्तिकी एकादशीच्या दिवसांत तोच सूर्य सहाच्या आत-बाहेर मावळतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत काळोख होतो. म्हणजे वारकऱ्याच्या हातातला उजेड सव्वा तासाने कमी होतो. मजल मात्र तेवढीच राहते. रोज पंचवीस-तीस किलोमीटर चालायचं, दुपारचा विसावा घ्यायचा, हरिपाठ करायचा आणि ठरलेल्या गावी मुक्कामाला पोहोचायचं. आषाढीत साडेसहाला मुक्कामाच्या वेशीवर येणारी दिंडी उजेडात येते. कार्तिकात त्याच वेळेला तीच दिंडी अंधारात चाललेली असते. पावणेसात म्हणजे जुनोनीच्या रस्त्यावर सूर्यास्ताला पाऊण तास होऊन गेला होता.

मुक्काम अलीकडे का घेत नाहीत, असं शहरातला माणूस सहज विचारतो. सांगोला, जत, कवठेमहांकाळ या पट्ट्यातून जो चालला आहे तो विचारणार नाही. हा दुष्काळी माळ आहे. डाळिंबाच्या बागा, ज्वारीची रानं, मधेच वस्ती, पण तीस माणसांना पाणी, निवारा आणि बायाबापड्यांना आडोसा मिळेल असं गाव लांब लांब अंतरावर आहे. लहान दिंडीचा मुक्काम ठरलेला असतो. ज्या घराने किंवा ज्या देवळाने वर्षानुवर्षं सेवा दिली, तिथेच ती जाते. तिथे पिठलं-भाकरी तयार असते, माणसं वाट पाहत असतात. चार किलोमीटर आधी थांबणं म्हणजे त्या घरची सेवा चुकवणं. ही ओढ ज्याला कळत नाही, त्याने केलेला सुरक्षिततेचा उपदेश दिंडीत कोणी ऐकून घेणार नाही. मजल मोडता येत नाही, हे धरूनच उपाय शोधावा लागतो.

आता दिंडी कशी चालते ते पाहू.

पुढे पताका. त्यामागे टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यात मृदंग, मग विणेकरी. विण्याच्या मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, आणि त्यांच्या मागे बाकीचे सगळे. या ‘बाकीच्या सगळ्यांत’ कोण असतं? ज्यांच्या पायाला फोड आलेत ते, सत्तरी ओलांडलेले, नातवाचा हात धरलेली आजी, चप्पल तुटली म्हणून रेंगाळलेला कोणी. सकाळी दिंडी आखीव निघते. संध्याकाळी ती लांबते, आणि जो थकलेला असतो तो मागे पडत जातो. ‘माउली, पाय उचला,’ असं चोपदार पुढून म्हणतो, पण पाय उचलायचे राहिलेले नसतात. दिवसाच्या शेवटी दिंडीतलं सगळ्यात हळू चालणारं माणूस सगळ्यात मागे, रस्त्याच्या सगळ्यात धोक्याच्या टोकाला असतं.

आणि टेम्पो? प्रत्येक दिंडीबरोबर सामानाचा टेम्पो किंवा ट्रक असतो. अंथरुणं, भांडी, शिधा, शेगडी त्यातच. पण तो दिंडीबरोबर चालत नाही. विसाव्यानंतर तो पुढे निघून जातो, कारण मुक्कामी पोहोचून चूल पेटवायची असते. दिवे असलेलं, दुरून दिसणारं आणि धक्का अडवू शकेल इतकं जड असं दिंडीचं एकमेव वाहन नेमकं त्या तासाभरात पाच-दहा किलोमीटर पुढे असतं. यात कोणाचा हलगर्जीपणा नाही. दिंडीची व्यवस्था बैलगाडीच्या काळात बसली. तेव्हा मागून येणारी गाडीही माणसाच्याच चालीने येत होती, म्हणून पिछाडी राखायची गरज कोणाला पडली नाही. आता रस्ता बदलला, पण क्रम तोच राहिला.

रस्ता किती बदलला ते सांगोल्याच्या बाजूला स्पष्ट दिसतं. रत्नागिरी–नागपूर राष्ट्रीय महामार्गाचा सांगली–सोलापूर हा पट्टा अलीकडच्या वर्षांत चौपदरी झाला. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला ताशी १०० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. ताशी १०० म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. मोटारीचे खालचे दिवे, ज्याला आपण ‘डिपर’ म्हणतो, ते साधारण ४० ते ६० मीटरपर्यंतच नीट दाखवतात. समोरून कोणी वरचे दिवे मारत आला तर तेवढंही नाही. म्हणजे काळोखात पाठमोरा चाललेला माणूस चालकाला दिसतो तेव्हा दोघांमध्ये दोन सेकंदांचं अंतर उरलेलं असतं. आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसने रस्त्यांच्या आखणीसाठी चालकाला दिसण्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत अडीच सेकंद धरले आहेत. ताशी १०० ला गाडी थांबायला १८० मीटर लागतात, ताशी ८० ला १२० मीटर, हे आकडेही त्यांचेच. हिशेब सरळ आहे. शुद्धीवर असलेला, डोळे उघडे असलेला, नियमात गाडी चालवणारा चालकसुद्धा अंधारात दिवा नसलेल्या दिंडीपाशी वेळेत थांबू शकत नाही. मग जो बेफाम चालवतो त्याच्याकडून काय अपेक्षा करायची?

वेग वाढला की माराही वाढतो. मोटारीचा वेग ताशी ५० वरून ६५ झाला, तर धडकेत पादचारी मरण्याचा धोका साडेचार पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पंधरा किलोमीटरच्या फरकाने साडेचार पट. आपण तर ८० आणि १०० चं बोलतो आहोत.

दिंडीने रस्त्याच्या कोणत्या बाजूने चालावं, यावर दरवर्षी वाद होतो. फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर उजवीकडून, समोरून येणारी गाडी दिसेल असं चालावं, हा एकट्या-दुकट्यासाठी चांगला सल्ला आहे. शाळेत जाणाऱ्या मुलांना, शेतावरून परतणाऱ्यांना मी तेच सांगेन. गाडी अंगावर येताना दिसली की माणूस बाजूच्या चरात उडी मारू शकतो. पण तीस माणसांची दिंडी उडी मारू शकत नाही. पुढच्याने बाजूला व्हायचं तर मागच्याला ते कळायला वेळ लागतो, डोक्यावर तुळस असते, गळ्यात मृदंग असतो. हा फरक ब्रिटनच्या वाहतूक नियमपुस्तिकेत नीट केलेला आहे. तिथेही गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. एकट्या पादचाऱ्याला तिथे उजवी बाजू सांगितली आहे, पण मोठ्या गटाने फुटपाथ नसेल तर डावीकडूनच चालावं असं म्हटलं आहे, आणि त्याला अट जोडली आहे : गटाच्या पुढे एक आणि मागे एक राखणदार हवा, दिवसा त्यांच्या अंगात भडक रंगाचे आणि रात्री चमकपट्टीचे कपडे हवेत, रात्री पुढच्याच्या हातात पांढरा दिवा आणि मागच्याच्या हातात लाल दिवा हवा.

मागे लाल दिवा. आपल्या दिंडीने डावी बाजू परंपरेने धरली, पण तिच्याबरोबर हवी असलेली ही अट आपल्याकडे कोणी घातलीच नाही.

आता रस्ता बांधणाऱ्यांकडे येऊ. चौपदरी महामार्गाला दोन्ही बाजूंना साइडपट्टी असते. कागदावर ती चालणाऱ्याला पुरेशी आहे. प्रत्यक्षात ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्या पट्टीवर काय असतं ते पाहिलं पाहिजे. २०२२ चा ऊस गाळप हंगाम १५ ऑक्टोबरला सुरू झाला होता. कोल्हापूर, सांगली, सोलापूर हा कारखान्यांचा मुलूख. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, त्यांच्यावर कडेला लोंबणारा ऊस, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असेल तर चिखलाने माखलेला. बैलगाड्या. पंक्चर होऊन उभी ट्रॉली, तिच्यामागे खूण म्हणून ठेवलेले दगड. उलट्या दिशेने येणारी मोटारसायकल, कारण दुभाजकाची फट दोन किलोमीटरवर आहे. पट्टीच्या पलीकडे मातीचा उतार आणि वेडी बाभूळ. दिंडीला मधूनमधून पट्टी सोडून डांबरावर यावंच लागतं, आणि एकदा डांबरावर आलेली रांग पुन्हा आत घ्यायला वेळ लागतो.

सरकारने वारकऱ्यांच्या रस्त्याचा विचारच केला नाही असं मी म्हणणार नाही. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांनी श्री संत ज्ञानेश्वर महाराज आणि श्री संत तुकाराम महाराज पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी केली. दिवे घाट ते मोहोळ सुमारे २२१ किलोमीटर आणि पाटस ते तोंडले-बोंडले सुमारे १३० किलोमीटर, दोन्हींना वारकऱ्यांसाठी खास पदपथ. ही मोठी गोष्ट आहे आणि ती मनापासून मान्य करायला हवी. पण ती आषाढीच्या दोन मुख्य पालख्यांची वाट आहे. कार्तिकीला पंढरपूरकडे अशी एक वाट नसते. कोल्हापूर, सांगली, कोकण, मराठवाडा, कर्नाटक, सगळीकडून शेकडो लहान दिंड्या आपापल्या रस्त्याने येतात. आणि कार्तिक वद्यात तोच ओघ आळंदीकडे वळतो, माउलींच्या संजीवन समाधी सोहळ्यासाठी. जुनोनी पालखी मार्गावर नाही.

आषाढीला पोलीस असतात, रुग्णवाहिका असतात, वाहतूक वळवलेली असते, जिल्हाधिकारी स्वतः फिरतात. लाखो माणसं एका रस्त्यावर असल्यामुळे चालकालाही ती टाळता येत नाहीत, त्याला थांबावंच लागतं. तीस माणसांची दिंडी ना पोलिसांच्या यादीत असते, ना चालकाच्या डोक्यात.

गेल्या काही वर्षांतले जे मोठे दिंडी अपघात राज्याच्या लक्षात राहिले, त्यांच्या तारखा मी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या. १९ नोव्हेंबर २०१९ : दिवे घाटात जेसीबी संत नामदेव महाराजांच्या दिंडीत घुसला, नामदेवांचे वंशज सोपान महाराज नामदास आणि एक तरुण वारकरी गेले. ३१ ऑक्टोबर २०२२ : जुनोनी. त्याच नोव्हेंबरात मावळ तालुक्यात जुन्या पुणे–मुंबई महामार्गावर आळंदीला निघालेल्या दिंडीत पिकअप शिरली, अनेक जण जखमी झाले. डिसेंबर २०२३ : संगमनेर तालुक्यात पुणे–नाशिक महामार्गावर शिर्डीहून आळंदीला जाणाऱ्या दिंडीला कंटेनरने चिरडलं, चार जण गेले. चारही कार्तिकी वारीतले. आषाढीच्या वाटेवर अपघात होत नाहीत असं नाही, पण मोजक्या माणसांच्या वारीत इतके मोठे घाव बसतात, याचा अर्थ धोका गर्दीत नसून एकटेपणात आहे.

मग या जागा अपघातप्रवण म्हणून सरकारी नोंदीत येतात का? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची ‘ब्लॅक स्पॉट’ची व्याख्या अशी आहे : राष्ट्रीय महामार्गाचा साधारण ५०० मीटरचा तुकडा, जिथे तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा १० मृत्यू झाले. जुनोनीच्या एका अपघातात सात जण गेले. एक अपघात, सात मृत्यू. एवढ्यावर ती जागा व्याख्येत बसत नाही. आणि बसवून उपयोगही मर्यादितच, कारण दिंडीचा धोका एका वळणावर किंवा एका चौकात नसतो. तो दिंडीबरोबर चालतो. आज जुनोनीला, उद्या आणखी कुठे. जागा शोधणारी पद्धत त्याला पकडू शकत नाही, तारीख आणि वेळ शोधणारी पद्धत पकडू शकते. कार्तिकी कधी आहे हे पंचांगात वर्षभर आधी छापलेलं असतं. कोणती दिंडी कोणत्या रस्त्याने येते, कुठे जेवते, कुठे मुक्काम करते, हे गावोगाव माहीत असतं. कुठला अपघात कोणत्या पंधरवड्यात, कोणत्या दोन तासांत होऊ शकतो हे इतकं आधी कळण्याची संधी रस्ता सुरक्षेच्या कामात फार क्वचित मिळते.

देशभराचं चित्र याच्या भोवती आहेच. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत ३२,८२५ पादचारी होते. एकूण मृत्यूंपैकी दोन तृतीयांशांहून अधिक ग्रामीण भागातले. पण पादचारी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झेब्रा क्रॉसिंग आणि सिग्नल येतात. गावाकडचा पादचारी रस्ता ओलांडतोच, पण तो रस्त्याच्या लांबीने चालतोही : कारखान्याकडे, शाळेकडे, एसटीच्या फाट्याकडे, देवाला. त्याच्यासाठी आपल्या नियमांत फार थोडं आहे.

मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३८ (१ क) आलं. राज्य सरकारांना पादचाऱ्यांच्या आणि बिनइंजिनाच्या वाहनांच्या वावराबाबत नियम करता येतील, राष्ट्रीय महामार्ग असेल तर प्राधिकरणाशी सल्लामसलत करून. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना हे नियम सहा महिन्यांत करायला सांगितलं. महाराष्ट्राच्या नियमांत गटाने चालणाऱ्यांचं वेगळं कलम हवं, असं मला ठामपणे वाटतं. देशात इतकी माणसं इतकी अंतरं ठरावीक तिथीला पायी चालून जातात असं आपल्यासारखं राज्य क्वचितच असेल. आपला नियम दिल्लीच्या फुटपाथांवरून उतरवून घेऊन चालणार नाही.

तो नियम होईपर्यंत दिंडीने काय करावं, हे मी ज्या लहान दिंड्यांशी बोलत आलो आहे त्यांना सांगतो.

पहिली गोष्ट टेम्पोची. दुपारच्या विसाव्यानंतर टेम्पो पुढे जाऊ द्या, स्वयंपाक होऊ द्या, पण पाच वाजता तो परत बोलवा. शिधा-भांडी उतरवून रिकामा टेम्पो मागे येईल, दिंडीच्या शेवटच्या माणसामागे तीस-चाळीस मीटर अंतर ठेवून, चारही इंडिकेटर लावून, चालीच्या वेगाने. डिझेल लागेल. गावातला कोणी ते एका दिवसाचं देईल, पंगत देतो तसं. टेम्पो परत आणणं जमत नसेल तर मोटारसायकल चालेल. तिच्याने धक्का अडणार नाही, पण दिवा तर लागेल.

दुसरी गोष्ट माणसाची. विणेकरी जसा ठरलेला असतो तसा शेवटचा माणूस ठरवा. तो तरुण हवा, थकलेला नको, आणि त्याने कधीच पुढे जायचं नाही. त्याच्या अंगात चमकपट्टीचं जाकीट, हातात लाल दिवा. अशी जाकिटं शे-दीडशे रुपयांत मिळतात. मागच्या दोन रांगांना आणि रस्त्याच्या बाजूने चालणाऱ्यांना ती द्यावीत. पांढरं धोतर अंधारात दिसतं अशी समजूत आहे. मागून पाहा : पाठीवर गाठोडं, खांद्यावर घोंगडी, बायांची गडद लुगडी. मोटारीच्या उजेडात ते सगळं रस्त्याच्या रंगाचं होतं. चमकपट्टी मात्र दिव्यांचा झोत तिच्यावर पडला की दीडशे-दोनशे मीटरवरून उजळते. वरच्या हिशेबात दोन सेकंद होते, ते पाच ते सात होतात. या जादाच्या तीन ते पाच सेकंदांत ब्रेक लागतो, गाडी वळते, माणूस वाचतो.

काही जुन्या मंडळींना जाकीट वारीच्या वेशात बसत नाही असं वाटतं. त्यांच्या भावनेचा मान राखून पट्टी पताकेच्या काठीला, घोंगडीच्या काठाला, तुळशीच्या वृंदावनाला शिवता येते. एका विणेकरीबुवांनी मला ऐकवलं होतं, ‘देवाला भेटायला जाताना असलं काही घालत नाहीत.’ मी त्यांना म्हटलं, बुवा, तुम्ही पुढे आहात, तुम्ही घालूच नका, शेवटच्या म्हाताऱ्या आजींना घाला. ते तयार झाले.

प्रशासनाकडून मला फार थोडं हवं आहे. कार्तिकीच्या आधी प्रत्येक तालुक्यात पोलीस पाटलांकडून दिंड्यांची यादी व्हावी : गाव, माणसं किती, कोणता रस्ता, कोणत्या दिवशी कुठे मुक्काम, चोपदाराचा फोन. संध्याकाळी साडेपाच ते आठ या वेळात महामार्ग पोलिसांची गाडी त्या यादीवरून फिरावी. मुक्कामाच्या गावाअलीकडे दोन-तीन किलोमीटरवर, त्या पंधरवड्यापुरते ‘पुढे दिंडी चालत आहे, वेग ४०’ असे फलक आणि लुकलुकणारे दिवे लागावेत. टोल नाक्यांवरच्या फलकांवर तोच मजकूर असावा. कारखान्यांनी गाळप सुरू करताना ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावूनच काट्यावर घ्यावं. यातल्या कशालाच वेगळ्या अर्थसंकल्पाची गरज नाही.

पैसा नाही असंही नाही. जून २०२३ मध्ये राज्याने आषाढी वारीसाठी वारकऱ्यांना विम्याचं छत्र जाहीर केलं, अपघाती मृत्यू आला तर वारसांना ५ लाख. २०२४ मध्ये आषाढीच्या १,५०० दिंड्यांना प्रत्येकी २० हजार रुपये जाहीर झाले. ही मदत चांगलीच आहे. वीस हजारांत तीस जाकिटं, दोन लाल दिवे आणि आठवडाभर मागून चालणाऱ्या टेम्पोचं डिझेल बसतं, आणि तरी पैसे उरतात. ते कार्तिकीच्या दिंडीलाही मिळावेत, आणि मिळताना पिछाडीच्या दिव्याची अट त्यांना जोडलेली असावी.